टॉमीवाला

पोरगं ट्रकवर गेलं की पहिल्या खेपेनंतरच घरादाराला रस्ता शिकवायला लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण आमच्या भाच्याइतका उच्छाद कुणी मांडला नसेल.

20 वर्षांचा झाला, हलक्या गाडीचं लायसन वर्षभर खिशात मुरवलं, मग हेवीचं निघालं. उस्तादानं गाडीवर घेतलं खरं, पण स्टिअरिंग न देता हातात टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, दिली. गाडी कुठंही थांबली की चहाआधी दहाही टायर ठोकायचे. हवा पुरी असली की टॉमी टणकन उडते, कमी असली की थप्प करून बसते. मागच्या जोडीतला आतला टायर नुसत्या डोळ्यांना कळत नाही; तो बसला की बाहेरचा एकटाच ओझं ओढतो, तापतो आणि फुटतो. दहा टायरी गाडीचं पासिंग मालासकट 28.5 टन, आत लातूरची तूरडाळ, जायचं हैदराबादवरून चेन्नईला. तेव्हा ठोकणं भागच आहे.

पण हा घरी रेणापुरात आला तरी ठोकतो. माझी स्कूटर ठोकली. गॅसची टाकी ठोकली. भावकीतल्या लग्नात पाण्याचे ड्रम ठोकून आचाऱ्याला म्हणाला, "दुसऱ्या पंगतीला पुरत नाही बगा." पुरलं नाही. रेणुकामातेला जाताना दुकानातले सगळे नारळ ठोकले. तिथं मात्र कुणी त्याला वेडा म्हटलं नाही.

कळस झाला पिंपळफाट्यावर. एका पुढाऱ्याची पांढरी गाडी उभी होती. ह्यानं टॉमी घातली. अंगरक्षक धावून आला, तर हा शांतपणे म्हणाला, "साहेब, मागचा डावा बसलाय." खरंच बसला होता. पंक्चर निघेपर्यंत साहेब टपरीच्या बाकड्यावर अडकले आणि बऱ्याच दिवसांनी मतदारांच्या हाती लागले. तेवढ्यात चार निवेदनं स्वीकारली गेली. एवढं लोककार्य आमच्या खानदानात दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

बाकीचं ज्ञानही उतू जातं. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की संपलं. मांजरसुंब्याच्या घाटात शिकलेलं हे शास्त्र तो आमच्या जिन्यावरून गुडघे धरत उतरणाऱ्या आजीला ऐकवतो. मीही एकदा शहाणपण केलं. म्हटलं, "कायद्यानं मोटार कामगाराचा दिवस आठ तासांचा आहे, बरं का." त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि टॉमी उचलली.

ह्याचं कौतुक करायची माझी इच्छा नव्हती. पण मागच्या महिन्यात रात्री अकराला त्याचा फोन आला, मागं ट्रकांचे हॉर्न.

"मामा, आईला दवाखान्यात न्या."

"का रे? सकाळीच तर भेटली. ठणठणीत आहे."

"बाहेरून ठीक हाय. आतला बसलाय. आवाज थप्प यायलाय."

शिव्या घालतच सकाळी बहिणीला घेऊन लातूरला गेलो. साखर तीनशेच्या वर. पाय दोन महिन्यांपासून बधिर. पोरगं रस्त्यावर, त्याच्या जिवाला कशाला घोर, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पलीकडच्याच गल्लीत राहणाऱ्या मलाही नाही. मी तिला रोज बघत होतो. तो आठवड्यातून दोनदा, ते पण फोनवर, नुसता "जेवलीस का" विचारत होता.

दवाखान्याचं बिल त्यानं नेल्लोरच्या पुढच्या कुठल्याशा ढाब्यावरून मोबाइलवर भरलं. गोळ्या कधी, इंजेक्शन कधी, सगळं दोनदा वदवून घेतलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाला,

"मामा, थांबा. तुमी जरा खोकून दाखवा बघू."