गो-अराउंड

कॅप्टन ही पदवी त्यांना आमच्या सोसायटीनं दिली. प्रत्यक्षात बाल्कनीतल्या झोपाळ्यापलीकडे त्यांनी आयुष्यात काही चालवलेलं नाही, स्कूटरसुद्धा नाही. नोकरी महापालिकेच्या पाणी खात्यात झाली. उभी हयात जमिनीखालच्या पाइपांत काढलेल्या माणसाची नजर निवृत्तीनंतर वर जाणं मी समजू शकतो. पण काकू म्हणतात, नोकरीत असतानाही ती वरच असायची, म्हणून तर दोनदा खड्ड्यात पाय गेला.

घाटकोपरला राहण्याचा एवढा अभिमान असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वारा पश्चिमेचा असला की मुंबईला उतरणारी विमानं आमच्या आणि कुर्ल्याच्या डोक्यावरून जात सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवर टेकतात. सत्तावीस म्हणजे दोनशे सत्तर अंश, शेवटचं शून्य गाळलेलं. म्हणजे तोंड पश्चिमेला. हे मी विचारलं नव्हतं. कॅप्टननी मला ते जिन्यात सांगितलं, दुधाच्या रांगेत सांगितलं आणि एकदा तेराव्याच्या पंगतीत, शेजारच्या ताटावरच्या भटजींनाही सांगितलं. भटजींना दिशांचं ज्ञान असल्यामुळे त्यांनी मान डोलावली. अधूनमधून ही धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असते आणि तिला मध्येच छेदून जाणारी चौदा-बत्तीस वापरतात. त्या दुपारी सोसायटी सुखानं झोपते आणि कॅप्टन गॅलरीत येरझारा घालत राहतात. चौथ्या फेरीला काकू म्हणतात, "अहो, येतील हो. वाट चुकलीत का ती?"

उडण्याविषयी त्यांची मतं मात्र आश्चर्य वाटावं इतकी दयाळू आहेत. एरवी रिक्षावाल्यापासून राज्यपालांपर्यंत कुणाचीही गय न करणारा हा माणूस पायलटविषयी वाकडा शब्द ऐकून घेत नाही. विमान दणकन टेकलं म्हणून कुणी कुरकुरलं की त्याची खैर नाही. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर अलगद टेकवणं हाच मूर्खपणा, पाण्यावरून चाकं घसरत राहतील. दणका द्यायचा, चाकांनी जमीन धरली पाहिजे, पंखांवरचे स्पॉयलर उभे राहिले पाहिजेत, ब्रेक लागले पाहिजेत. "मऊ लँडिंग हवं असेल तर गादीवर झोपा," असं त्यांनी तळमजल्यावरच्या एका प्रवासी गृहस्थांना सुनावलं. गृहस्थ नुकतेच मणक्याच्या डॉक्टरकडून आले होते.

पण त्यांचा सर्वात लाडका विषय गो-अराउंड. उतरायला आलेलं विमान ऐनवेळी न टेकता पुन्हा वर उचलायचं आणि वळसा घालून परत यायचं, हा तो प्रकार. धावपट्टीवर पुढचं विमान रेंगाळलं असेल, वारा फिरला असेल, वेग जमला नसेल. आतले प्रवासी देवाचं नाव घेतात आणि खाली गॅलरीत कॅप्टन टाळ्या वाजवतात. "शहाणा माणूस आहे! जमत नव्हतं, सोडून दिलं. लाज वाटली नाही त्याला." हे तत्त्व त्यांनी जमिनीवरही लागू केलं आहे. त्यांच्या पुतण्याचं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं. घर सुतकात बसल्यासारखं. कॅप्टन गेले, पुतण्याच्या पाठीवर थाप मारली आणि भरल्या घरात म्हणाले, "उत्तम गो-अराउंड! आता दहा मिनिटांनी पुन्हा ये." मुलीकडच्यांनी हॉलच्या भाड्याचा हिशेब मागितला तेव्हा, इंधन जळणारच, असं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं. भावानं त्यांना ते देऊ दिलं नाही.

दर वर्षी १५ ऑक्टोबरला सोसायटीत त्यांच्याकडचे पेढे येतात. पहिल्या वर्षी लोकांनी विचारलं, "काय, नातू?" तर नातू नव्हता. १९३२ साली त्या तारखेला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन, अहमदाबादेत थांबून, एकट्यानं जुहूला उतरले होते. विमान पुस मॉथ. एका इंजिनाचं, इवलंसं. पुढे ऐंशीच्या घरात असताना, १९८२ साली, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा करून दाखवलं. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी पेढा घेताना "बाळ-बाळंतीण सुखरूप ना?" असं विचारलं. कॅप्टन म्हणाले, "दोघंही. टपालसुद्धा."

दानाच्या बाबतीत मात्र सगळी दयाबुद्धी हवेत विरते. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं आली की त्यांना आधी उभं करून नियम सांगितले जातात. टॉवरनं दिलेली सूचना पायलटनं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, तसं इथंही.

"पाचशे एक. म्हण."

"पाचशे एक, काका."

"कुठल्या कामासाठी?"

"गणपतीसाठी."

"चूक. मूर्ती आणि प्रसाद. स्पीकर नाही. पुन्हा म्हण."

पोरगं पुन्हा म्हणतं. मग पाचशे एकमधून दीडशे वजा होतात, कारण गेल्या वर्षी मंडळानं डीजे लावला होता. परदेशातल्या कित्येक विमानतळांवर जास्त आवाज करणाऱ्या विमानाला उतरायचे पैसे जास्त पडतात, हे पोरांना समजावून सांगितलं जातं. पोरं तीनशे एक्कावन्नची पावती फाडून पळतात. एवढी शिकवणी ऐकून घेतल्याबद्दल उलट त्यांनाच काही द्यायला हवं, असं मला वाटतं.

एका पुरानंतर सोसायटीनं कपडे गोळा केले तेव्हा तपासणीचं काम कॅप्टननी आपणहून अंगावर घेतलं. जुनं द्यायला त्यांची हरकत नव्हती. दाखला ऑर्बिसचा. ही संस्था विमानातच डोळ्यांचं इस्पितळ थाटून देशोदेशी फिरते. १९८२ साली सुरुवात झाली ती युनायटेड एअरलाइन्सनं दिलेल्या जुन्या डीसी-८मध्ये, आणि आताचं एमडी-१० फेडएक्सनं दिलेलं, तेही मालवाहतुकीत वापरलेलं. "जुनं होतं, पण उडत होतं!" कॅप्टन टेबलावर हात आपटून म्हणाले. "न उडणारं दिलं तर ते दान नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात." मग एकेक कपडा उलटा-सुलटा होऊ लागला. "ही पँट ग्राउंड करा, चेन लागत नाही." "शर्टाला तीनच बटणं, ग्राउंड." सेक्रेटरींची शेरवानी आली. तिला भोक नव्हतं, बटणं पूर्ण होती. कॅप्टननी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "पुरात हे घालून माणूस जाणार कुठं?" शेरवानी परत गेली. सेक्रेटरी आठ दिवस बोलत नव्हते. पण ट्रकमध्ये चढला तो प्रत्येक कपडा अंगावर घालता येण्याजोगा होता, हे मात्र मान्य केलं पाहिजे. अशी तपासणी सगळीकडे झाली तर मदतीच्या निम्म्या गाठोड्यांचं काय होईल, या विचारानं मला अजून अस्वस्थ वाटतं.

देणाऱ्यानं नाव लावावं की नाही, यावर ते देवळातल्या पंख्याकडे बोट दाखवतात. पात्यांवर दात्याचं नाव आहे. पंखा फिरतोय तोवर गुप्तदान, वीज गेली की जाहीर. यापेक्षा न्याय्य तडजोड त्यांच्या मते नाही. त्यांचा मुलगा विमानाचं तिकीट काढताना धुराची भरपाई म्हणून झाडं लावायला चार पैसे जास्त भरतो. तेही त्यांना पटत नाही. प्रायश्चित्त पापाच्या आधी घेता येत नाही, असं ते म्हणतात, आणि मुलाच्या तिकिटावर खिडकीची जागा मागून घेतात.

सिनेमाला त्यांना कुणी सोबत नेत नाही. नायिका एअरबसमध्ये चढली, ढगांत बोइंग दिसलं आणि उतरताना चार इंजिनांचं तिसरंच काही आलं, की थिएटरात पाठीमागून आवाज येतो, "तिला मध्येच कुठं उतरवलं?" नटाचा डबल रोल त्यांना चालतो, विमानाचा चालत नाही. विनातिकीट नायक प्रेमापोटी धावत थेट विमानाच्या दारापर्यंत पोचला, तर ते नायकावर नव्हे, सीआयएसएफच्या अपमानावर चिडतात. 'विजेता'वर जीव, कारण त्यात मिग-२१ मनसोक्त बघायला मिळतं. माणसं कोण कोण होती हे त्यांना धड आठवत नाही. 'सली' त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलाय. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क, पक्ष्यांच्या थव्यानं दोन्ही इंजिनं बंद, हडसन नदीवर विमान उतरवलं, १५५ जण जिवंत. इथवर डोळ्यांत पाणी. पण पुढे सिनेमात अपघाताची चौकशी करणाऱ्यांना खलनायक केलंय, तिथं ते बिथरतात. खऱ्या चौकशी अधिकाऱ्यांनीही त्या चित्रणाला आक्षेप घेतला होता. कॅप्टननी तो इतका मनावर घेतला, की मला आधी वाटलं त्यांचीच कधी खातेनिहाय चौकशी झाली असावी. काकूंकडून कळलं, झाली नव्हती. वीस वर्षं तेच फुटलेल्या पाइपांच्या चौकश्या करत होते.

एका सिनेमाला मात्र सगळं माफ आहे. 'कॅसाब्लांका', १९४२. शेवटच्या प्रसंगातलं विमान पुठ्ठ्याचं होतं, खऱ्यापेक्षा लहान. ते मोठं वाटावं म्हणून भोवती ठेंगणी माणसं मेकॅनिक म्हणून उभी केली आणि वर धुकं सोडलं. "युद्धाचे दिवस. खरं विमान कोण देणार?" ते हळवे होतात. "गरिबी होती, पण मापात काटकसर केली. आकार बरोबर होता!"

याच वाक्यावर गेल्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी त्यांना पकडलं. त्यांनी पुठ्ठ्याचं राफेल केलं होतं, मूर्तीच्या मागे, नाक वर करून. कॅप्टन बघायला गेले आणि दारातच थबकले. नाकामागचे दोन छोटे पंख नव्हते.

"कॅनार्ड कुठायत?"

"काका, मखरात बसत नव्हते."

"मग मखर कापा. कॅनार्ड नाहीत तर वर्गणी नाही."

रात्रभर कापाकापी झाली. सकाळी पंख बसले आणि कॅप्टननी वजा केलेल्या दीडशेतले शंभर परत केले, परतउच्चारासह. तेवढ्यात एका पोरानं भीत भीत विचारलं, विमानामागे आवाज लावायचा आहे, स्पीकर आणलेत, लावू का? सगळे गप्प. काकूंनी पदर तोंडाला लावला. कॅप्टननी लाव म्हणून खूण केली आणि डोळे मिटून आवाज थोडा वेळ ऐकला. समोरच्या इमारतीच्या खिडक्या धडाधड बंद होत होत्या.

"दोन एम-८८ इंजिनं आहेत रे त्याला," ते म्हणाले. "वाढव. आफ्टरबर्नर अजून लागलेलाच नाही."