सायकल वेशीवर

तटबंदी दगडांनी उभी राहते आणि चौकशीवर चालते. दगड शत्रूसाठी, चौकशी बाकी सगळ्यांसाठी. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना देवड्या असत, देवड्यांत पहारेकरी असत, आणि येणाऱ्याला ते विचारत: कोण, कुठले, कशासाठी? उत्तर पटलं तर आत, नाही पटलं तर रात्र वेशीबाहेर. आज तट ढासळलेत, पहारेकऱ्यांच्या नोकऱ्या गेल्यात, देवड्यांच्या आसपास मोबाइलची कव्हरं विकायला बसलीत. चौकशी मात्र एक दिवसही बंद पडलेली नाही. ती आता जनतेने अंगावर घेतली आहे, बिनपगारी.

मोटारीतून जाणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्या काचा वर असतात. एसटीतल्या माणसाची चौकशी कंडक्टर एकदाच करतो आणि तिकीट फाडून मोकळा होतो. सायकलवाल्याला काच नाही, तिकीट नाही आणि चढावर तर वेगही नाही. त्याच्याशेजारून चालत चालत त्याची पूर्ण मुलाखत घेता येते. माझी घेतलेली आहे. घेणाऱ्या बाईंच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि मुलाखत संपल्यावर त्या पुढे निघून गेल्या.

मी राहतो ते छत्रपती संभाजीनगर म्हणजे बावन्न दरवाज्यांचं शहर. मलिक अंबरने 1610 मध्ये खाम नदीकाठच्या खडकीला राजधानी केलं आणि मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला. पुढे 1682 मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तट घातला, तो मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला. बावन्न हा आकडा अभिमानाचा आहे, मोजणीचा नाही. उरलेले दरवाजे हातापायाच्या बोटांत मावतात. पण जुन्या लोकांची एक सोय मला फार आवडते: दिल्लीकडे जायचं तर दिल्ली दरवाजा, पैठणला जायचं तर पैठण दरवाजा. पाटी वेगळी लावायची गरजच नाही. आज पैठण गेटला उभं राहिलं तर पैठणपेक्षा चपलांची आणि कपड्यांची दुकानं आधी लागतात, तो भाग वेगळा.

पहाटे मात्र दुकानं बंद असतात आणि चहावाला उघडा असतो. त्याला माझा पोशाख पहिल्यांदा दिसतो. सायकलस्वाराची चड्डी लायक्राची असते, अंगाला घट्ट, आणि तिच्या बुडाशी गादी शिवलेली असते. ही चड्डी सायकलवर बसलेल्या माणसासाठी बेतलेली आहे. तो खाली उतरून चहा प्यायला उभा राहील हा विचार बेतणाऱ्याने केलेला नाही. पूर्वी अब्रू वेशीवर टांगायला काहीतरी लफडं करावं लागे. आता लायक्रा पुरते.

“काका, कुठं?”

“पैठण.”

“सायकलीवर?”

“हो.”

“कामून?”

इथे माझी गाडी अडते. ‘कोण’ आणि ‘कुठले’ या प्रश्नांना आधार कार्डावरही उत्तर आहे. ‘कशासाठी’ला नाही. “व्यायाम,” असं म्हटलं की समोरचा माझ्या पोटाकडे बघतो आणि माणुसकी म्हणून गप्प बसतो. “आवड,” म्हटलं तर त्याला माझी काळजी वाटते. “सहज,” म्हणालो तर संशय. सहज कोणी पन्नास किलोमीटर जात नाही, तेही परत यायला.

दरवाज्यांशी माझं वाकडं नाही. उलट सायकलवाल्याला खरा मान दरवाज्यातच मिळतो. खुलताबादचा रस्ता देवगिरीच्या तटातल्या एका जुन्या दरवाज्यातून आरपार जातो. तो बांधणाऱ्याने हत्तीचा विचार केला होता, उसाच्या ट्रकचा केला नव्हता. समोरासमोर दोन मोठी वाहनं आली की दोन्ही बाजूंना रांग लागते, चालक खाली उतरतात, आणि ज्याला कोणीही अधिकार दिलेला नाही असा एक जण मधोमध उभा राहून हात हलवू लागतो. त्या सगळ्यांच्या कडेने सायकल सुळकन निघून जाते. अलाउद्दीन खिलजीला हा किल्ला घेताना इतकं सोपं गेलं नव्हतं. याच देवगिरीला 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी हलवली आणि काही वर्षांनी माघारी नेली. त्यालाही वाटेत प्रत्येक गावाने ‘कामून’ विचारलं असणार, आणि त्याच्याकडेही पटेलसं उत्तर नसणार, अशी माझी खात्री आहे. म्हणून घाट चढताना मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. घाटमाथ्यावर खुलताबाद. तेही तटबंदीचं गाव, वेशींना नावं असलेलं. तिथला भद्रा मारुती निद्रिस्त आहे, म्हणजे चक्क आडवा. इतर ठिकाणी मारुतीला हात जोडताना आपण लहान होतो. इथे तो घाट मीही आत्ताच चढून आलोय, एवढा एक समान धागा सापडतो.

पण घाट निदान तोंडावर सांगतो की मी घाट आहे. फसवतं ते खोरं. नकाशात गोदावरीच्या कडेने जाणारा रस्ता पाहून भोळ्या माणसाला वाटतं, नदी सपाट, तर रस्ताही सपाट. नदी सपाट असते हे खरं. पण तिला मिळणारा प्रत्येक ओढा, प्रत्येक नाला रस्त्याला आडवा येतो. रस्ता खाली उतरतो, फरशीच्या पुलावरून जातो, पुन्हा वर चढतो. दोन शेतं झाली की पुढचा ओढा. मोटारीला हे जाणवत नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांत तालुक्याचा ओहोळनिहाय नकाशा उमटतो.

आणि वारा! आषाढात दख्खनवर वारा पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेला जातो. गोदावरीही पूर्वेला जाते. ढगही पूर्वेला जातात. पैठणहून शेवगावमार्गे नेवाशाला जायचं तर तोंड पश्चिमेकडे करावं लागतं, तेव्हा त्या अख्ख्या मुलखात पश्चिमेला निघालेले फक्त दोघे उरतात, मी आणि साखर कारखान्याचा टँकर. टँकर लवकर दिसेनासा होतो.

पैठणला पोचलं की खुद्द नदीच वेशीवर थांबवलेली दिसते. 1976 मध्ये पुरं झालेलं जायकवाडी धरण म्हणजे गोदावरीला घातलेला तटच. त्याला दरवाजे 27. तटाआड नाथसागर, क्षमता सुमारे 102 टीएमसी. वरून नाशिक-नगरकडून येणाऱ्या पाण्याची जितकी चौकशी होते तितकी माझीही होत नाही. किती सोडलं, वाटेत कोणी उचललं, पोचलं किती? 2005 मध्ये समन्यायी वाटपाचा कायदा झाला, तरी दुष्काळी साल आलं की दोन्ही बाजू कोर्टाची पायरी चढतात. त्यामुळे पावसाळ्यात पैठणच्या बाजूने येणाऱ्या माणसाला गावोगावी आधी एकच विचारतात, “जायकवाडी किती टक्के?” मी सकाळी आकडा पाठ करून निघतो. तेवढ्याने निम्मी चौकशी टळते.

उरलेली निम्मी एकनाथांच्या गावात भेटली. वाड्याजवळच्या हॉटेलात भजी तळणाऱ्याने विचारलं, “नवस आहे का?”

“नाही.”

“पायी निघाला असतात तर पाया पडलो असतो,” तो झाऱ्यावरचं तेल निथळवत म्हणाला. बोलण्यात टोमणा नव्हता. नाथांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. चालत जाणारा माणूस गावाला पिढ्यान्‌पिढ्या समजतो, एसटीने जाणाराही समजतो. चाकं असून घाम गाळणारा समजत नाही. कष्ट करायचे तर पुरते करा, सोय घ्यायची तर पुरती घ्या. याला मी आजवर प्रतिवाद शोधू शकलेलो नाही.

पुढे वेड्या बाभळीने आपलं काम केलं. मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने टायरच्या आत बोट फिरवत फिरवत काटा शोधला, नखाने बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला, पेशंटला त्याचा मुतखडा दाखवतात तसा. मग ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुड्यांवर बोट ठेवलं, कानशीने घासून, सोल्युशन लावून फुंकर मारली. सगळं झोकात झालं. हवा भरायची वेळ आली तेव्हा त्याची नळी माझ्या व्हॉल्ववर बसेना. रोड बाइकचा व्हॉल्व बारीक, टोकाला इवलंसं मळसूत्र, त्याला वेगळी पितळी टोपी लागते. मी पिशवीतून टोपी काढून दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली.

“केवढ्याची सायकल?”

हा प्रश्न चौकशीतला जकातनाक्याचा. खरी किंमत सांगायची नसते. मी निम्मी सांगितली.

“एवढ्यात मोटारसायकल आली असती,” तो म्हणाला, आणि टोपी परत देताना हळहळीने पुढे म्हणाला, “तिला हवा तरी सगळीकडं भरून मिळती.”

नेवाशात पोचलो तेव्हा वाऱ्याने माझ्यात बोलायची ताकद ठेवली नव्हती. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो प्रवरेकाठचा पैस खांब इथेच. कोण, कुठून आलास, कशासाठी आलास या प्रश्नांवर इथे सातशे वर्षांपूर्वीच मूलभूत काम झालेलं आहे. पण हॉटेलच्या बाकावर बसलेल्या मंडळींनी ते पुन्हा पहिल्यापासून काढले. मी ‘कशासाठी’पाशी येऊन नेहमीप्रमाणे अडखळलो, तेव्हा कोपऱ्यातल्या आजोबांनी सगळ्यांना थांबवलं.

“काय रे छळता त्यांना? शुगर असंल. डॉक्टरनं सांगितलं असंल.”

बाकावर एकदम आदर पसरला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर शेजारच्याने स्वतःची उपाशीपोटीची शुगर जाहीर केली होती. दुसऱ्याने जेवणानंतरची सांगितली. जांभळाच्या बियांची भुकटी, कारल्याचा रस, रात्री भिजवलेल्या मेथ्या अशी शिदोरी मला मिळाली. माझी पाण्याची बाटली कोणीतरी न सांगता भरून आणली. इतकी वर्षं मी ज्या उत्तरासाठी तडफडत होतो ते तीन अक्षरांचं होतं, आणि मला फक्त गप्प राहायचं होतं.

तेव्हापासून प्रवरासंगम असो, गंगापूर असो, बिडकीन असो, ‘शुगर’ हे माझं दस्तक आहे. ते दाखवलं की कुठलीही वेस उघडते. लायक्राकडेही लोक मग औषधोपचार म्हणून बघतात. फक्त जकात तेवढी चुकत नाही. मी बसायच्या आत चहावाल्याला आतून हुकूम सुटतो, “काकांचा बिनसाखरेचा!” आणि समोर कढईतून निघालेली जिलबी माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बाकाकडे जाते. ऐंशी किलोमीटर वाऱ्याशी झुंजलेल्या माणसाला तेवढा एकच पदार्थ हवा असतो.

एकदा राहवलं नाही. म्हटलं, “थोडी साखर चालेल हो मला.”

बाक गप्प झाला. मग त्यातल्या सर्वांत जबाबदार गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाले, “वहिनींचा नंबर सांगा बरं.”