काळोखाला हात लावू नका

'हॅलोविन 2' हा 1981 चा सिनेमा थोर नाही, हे आधीच सांगून टाकतो. 1978 च्या मूळ 'हॅलोविन'च्या तो पासंगालाही पुरत नाही. पटकथा जॉन कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांचीच, पण दिग्दर्शन रिक रोझेन्थाल यांचं. तयार झालेलं चित्र मिळमिळीत वाटलं म्हणून कार्पेंटर यांनी नंतर काही प्रसंग स्वतः चित्रित करून त्यात घातले. पहिल्या भागात रक्त जवळजवळ दिसतच नाही, इथे ते सढळ हाताने सांडलंय. नायिका लॉरी आणि मुखवटाधारी खुनी मायकेल यांचं नातं तर ओढूनताणून जोडलेलं. तरीही हा सिनेमा घरच्या पडद्यावर नीट दिसावा म्हणून भांडायला मी तयार आहे, आणि ते डीन कंडी यांच्यासाठी.

कंडी म्हणजे पुढे 'बॅक टू द फ्यूचर' आणि 'जुरासिक पार्क' टिपणारे कॅमेरामन. दोन्ही 'हॅलोविन' त्यांनी पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीत चित्रित केले. उंची एक धरली तर रुंदी 2.35. दुसऱ्या भागाची गोष्ट पहिल्या भागाच्याच रात्री पुढे सरकते आणि बहुतेक सगळी एका रुग्णालयात घडते. निम्मे दिवे मालवलेले, कॉरिडॉर रिकामे. एका प्रसंगात नर्सला डॉक्टर खुर्चीतच मेलेला दिसतो. ती हादरून मागे सरते. तिच्या मागे नुसता काळोख आहे. त्या काळोखातून मायकेलचा पांढरा मुखवटा सावकाश उमटत जातो. तो केव्हा दिसायला लागला हे आपल्यालाही सांगता येत नाही, आणि या अख्ख्या सिनेमातली सगळ्यात अस्सल भीती तीच.

आता हा प्रसंग बिघडवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सर्रास वापरले जातात. पहिला, काळा रंग उजळवणं. 'प्रेक्षकांना काही दिसत नाही' म्हणून कुणीतरी बटण फिरवतो, काळ्याचा राखाडी होतो आणि मायकेल पहिल्यापासूनच मागे उभा असलेला दिसतो. दुसरा, काळा रंग चिरडणं. मग काळोखातल्या सगळ्या बारीक छटा एकाच डबक्यात बुडतात आणि जो मुखवटा हळूहळू यायला हवा तो एकदम टपकतो. दोन्हीकडे खून तोच, पण प्रसंग मेलेला.

व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात तर चौकटच छाटली गेली. चौकोनी टीव्हीचा पडदा भरावा म्हणून रुंद चित्राच्या कडा कापायच्या, ही तेव्हाची रीत. हिशेब करून बघा, 2.35 वरून 1.33 वर आलात की सुमारे 43 टक्के चित्र जातं. प्रेमकथेत यामुळे एखादी खुर्ची जाईल, झाड जाईल. इथे खुनीच जातो! या प्रकारच्या सिनेमात तो मधोमध उभा राहतच नाही, तो कडेला उभा असतो. आपल्याकडच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांतून ज्या पिढीने हे सिनेमे पाहिले, तिने कॉपीच्या कॉपीवर कडा गेलेली चित्रंच पाहिली. 'त्यात काय घाबरण्यासारखं आहे?' असं ती पिढी म्हणत असेल तर तिचं बरोबरच आहे. घाबरवणारा भाग तिला कुणी दाखवलाच नव्हता.

अमेरिकी टीव्हीसाठी कापलेली आवृत्ती निराळीच. तिच्यात रक्त कमी केलं, प्रसंग मागेपुढे केले, आणि मूळ सिनेमात ज्याचं काय झालं ते कळत नाही तो जिमी शेवटी रुग्णवाहिकेत जिवंत निघतो. ती आवृत्ती जपायला हरकत नाही, फक्त तिच्यावर तसं ठळक लिहा.

आणि 2011 ची ती ब्लू-रे! तिशीनिमित्त युनिव्हर्सलने काढलेल्या त्या डिस्कवर चित्र स्वच्छ होतं, पण सुरुवातीचं निर्माते मुस्तफा अक्कड यांचं सादरकर्ता म्हणून येणारं नाव गायब, आणि त्या जागी कंपनीचं नाव. ज्या माणसाने पहिल्या 'हॅलोविन'ला पैसा पुरवला, ज्याने 'द मेसेज'सारखा चित्रपट केला, जो 2005 मध्ये अम्मानच्या हॉटेलातल्या बॉम्बस्फोटात मुलीसह गेला, त्याचं नाव पुसायचं? चाहते खवळले, अक्कड यांच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केली, मग नाव परत घालून डिस्क निघाल्या. हे कुणा चाहत्याने डोळ्यात तेल घालून पाहिलं म्हणून सुटलं. चित्राची गुणवत्ता तपासताना पहिल्या मिनिटातली अक्षरंही तपासा, असं मी म्हणतो ते यासाठी.

रिळावरचे कण (ग्रेन) पुसून टाकायची खोडही वाईट. संगणकाने कण घासले की चेहऱ्यांचं मेण होतं. खरं चित्र ठेवलं तर काय दिसतं? लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसने तोवर केस कापले होते, त्यामुळे तिच्या डोक्यावर टोप आहे, तो दिसतो. मुखवटा पहिल्या भागातलाच, तीन वर्षांत जीर्ण झालेला, तेही दिसतं. दिसू द्या. 1981 मध्ये जे कॅमेऱ्यासमोर होतं ते दाखवणं हेच डिस्क काढणाऱ्याचं काम.

स्क्रीम फॅक्टरी या डिस्क काढणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून 4के डिस्क काढली. ओटीटीवर '4के' असं लिहिलेलं असलं तरी तिथे डेटा कितीतरी कमी वाहतो. 4के डिस्क सेकंदाला शंभर मेगाबिटच्याही वर जाऊ शकते, स्ट्रीमिंग साधारण पंधरा ते पंचवीसच्या आसपास घुटमळतं. ही बचत पहिल्यांदा काळोखातूनच होते. उजेडातला हसरा चेहरा टिकतो, मागच्या भिंतीवरची सावली मात्र पायऱ्यापायऱ्यांनी तुटते. ज्या सिनेमाचा जीवच सावलीत आहे त्याला हा सौदा परवडत नाही.

परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. साध्या ब्लू-रेला विभागाची अट असू शकते, अमेरिका 'ए'मध्ये आणि भारत 'सी'मध्ये, त्यामुळे तिकडची डिस्क इकडच्या प्लेअरवर अडू शकते. 4के डिस्कला ही अट नाही. 4के प्लेअर असेल तर तीच घ्या.

डिस्क नसेल तरी निदान आपला टीव्ही सुधारा. दुकानातून आला तसा भडक रंगांवर ठेवू नका. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिच्यामुळे सेकंदाला चोवीस चौकटींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा. खोलीतला दिवा मालवा, आणि चित्र अंधारं वाटलं तरी उजेड वाढवायला रिमोट उचलू नका.