माया किती सोडतात?

लंडनहून येऊन चार दिवस झाले तरी झोप काही ठिकाणावर आली नव्हती. पहाटे चारलाच डोळे टक्क उघडे. शेवटी साडेसहाला परसात उतरले आणि जास्वंदीची फुलं काढायला घेतली, तोच कुंपणावरच्या गोकर्णीच्या वेलाआडून आवाज आला.

"आला काय वो ताई? आन् सांगायचं न्हाई?"

पलीकडच्या वहिनी. हातात चहाची कपबशी आणि गळ्यात मापाची टेप. ती टेप त्या फक्त झोपताना काढत असाव्यात. तीस वर्षं आमच्या गल्लीचे ब्लाऊज त्यांनीच बेतलेत. कोल्हापुरात कुणाचं लग्न ठरलं आणि कुणाचं लांबलं, हे त्यांना शिवायला आलेल्या कापडांवरून आधी कळतं.

"पोराचं, सुनंचं सगळं मागनं. आधी सांगा, शिंप्यांच्या गल्लीत गेला हुता का न्हाई?"

निघण्याआधी त्यांनी मोबाइलवर त्या गल्लीचा व्हिडिओ दाखवला होता आणि 'राजाचा वाडा न्हाई बघितला तरी चालंल, ह्ये बघून या' अशी ताकीद दिली होती.

"गेले होते की! सॅव्हिल रो. मेफेअर म्हणून लंडनचा फार महागडा भाग आहे, त्यातली ही एक गल्ली. आपल्या महाद्वार रोडसारखी गर्दी नाही, ओरडा नाही, 'या ताई, बघून तर जावा' नाही. एकेका दुकानात दोन-तीन कोट टांगलेले आणि किमतीची चिठ्ठी कुठंच नाही."

"मंग शिवत्यात कुठं?"

"जमिनीखाली. फुटपाथच्या कडेला लोखंडी गज, गजांपलीकडं तळघराच्या खिडक्या. वरून वाकलं की शिंपी बसलेले दिसतात. मी वाकले, तर आमचे चिरंजीव बाही ओढतात, म्हणे, आई, असं बघू नये. मी म्हटलं, खिडकी ठेवलीय ती बघायलाच. चांगली दहा मिनिटं बघितलं."

वहिनींनी बशी कुंपणाच्या खांबावर ठेवली. आता ऐकणं कामाचं होतं.

"एक पोरगा होता, पंचविशीतला. मांडीवर कोटाची पुढची बाजू. गळ्यापासून खाली वळलेला पल्ला असतो ना..."

"लॅपल."

"तेच. त्याच्या आत कापड घालून टाके मारत होता. एवढे बारीक, तांदळाच्या कणीएवढे. आणि पल्ला सपाट धरायचा नाही, बोटावर वळवून धरायचा आणि तसाच शिवायचा."

"पेस्टिंग न्हाई करत?"

"चिकटवाचिकटवी अजिबात नाही. आत घोड्याच्या केसांचं ताठ कापड असतं, ते हातानंच जोडायचं. शिवतानाच वळण दिलं की पुढं कितीही वर्षं इस्त्री करा, पल्ला मोडत नाही म्हणे."

वहिनी जरा वेळ गप्प राहिल्या. डाव्या हाताची तर्जनी नकळत वाकली, तिच्यावर उजव्या हातानं हवेतच दोन टाके पडले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो लंडनमध्ये मला कुणीच विचारला नसता.

"माया किती सोडत्यात?"

"भरपूर. मुलाच्या साहेबांनी तिथला कोट घातलेला, त्यांनीच सांगितलं. शिवणीच्या आत मुद्दाम कापड दाबून ठेवतात. दहा वर्षांनी पोट सुटलं की कोट परत न्यायचा, उसवायचा, सैल करून घ्यायचा. बापाचा कोट पोराच्या अंगाला बसवून देतात."

"हां! मंग शिंपी खरं हायत." एवढ्या एका गोष्टीवर लंडन पास झालं. "माया न सोडणारा शिंपी कापड न्हाई, इमान कापतो बघा. आन् शिलाई?"

मी फुलांची परडी खाली ठेवली. हा आकडा रिकाम्या हातांनीच सांगण्यासारखा होता.

"बहुतेक ठिकाणी पाच-सहा हजार पौंडांच्या खाली बोलणंच नाही. म्हणजे आपले सहा-सात लाख."

"कोटाचं?"

"कोट आणि पँट. वर जाकीट पाहिजे असेल तर वेगळे."

"आगं बया! आन् मी पैठणीच्या ब्लाऊजला पन्नास रुपयं वाढवलं तर त्या कोपऱ्यावरच्या बाई सहा म्हैनं बोलल्या न्हाईत."

"पण ऐका तरी. एका सुटाला निदान पन्नास तास हाताचं काम. आधी नुसत्या कच्च्या टाक्यांवर अंगाला लावून बघायचं, मग सगळं उसवून पुन्हा बेतायचं. तीन-तीन ट्रायली. हातात पडायला महिने लागतात."

"तीन ट्रायली! माझ्याकडं एकीला बोलावलं तर म्हणत्यात, वहिनी, अंदाजानं करा की."

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा जाड खाकी कागद कापून, वर नाव घालून, तो टांगून ठेवतात, हे सांगितल्यावर वहिनी आत गेल्या आणि त्यांची वही घेऊनच आल्या. पाठीला रेक्झिनची पट्टी, कोपरे दुमडलेले, एकेका पानावर नाव, उंची, छाती, बाही, गळा, आणि शेरे. माझ्या पानावर 'मागचा गळा मोठा सांगतात, मग पदर ओढतात' असं लिहिलेलं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"ह्यात आन् त्या कागदात फरक काय?"

"दोनशे वर्षांचा. तिथं पंधरा नंबरला हेन्री पूल म्हणून पेढी आहे. धंदा 1806 चा, त्या गल्लीत 1846 पासून. 1865 साली त्यांनी राजपुत्राला घरच्या जेवणासाठी शेपटीशिवायचा आखूड कोट शिवून दिला. आज लोक पार्ट्यांना घालतात ते डिनर जॅकेट तिथलं, असं सांगतात. पण खरी गंमत पुढंच. हा हेन्री पूल भारी भिडस्त. राजे, सरदार, सगळे उधारीवर शिवून नेणार आणि हा मागणार नाही. 1876 साली वारला तेव्हा दुकानाचं नाव जगभर आणि तिजोरीत खडखडाट."

"मोठ्ठी माणसं हीच तर बुडवत्यात!" वहिनींनी वहीची शेवटची पानं फडफडवली. तिथं उधारीचं कोष्टक होतं. काही नावं मला ओळखू आली. ती इथं लिहीत नाही, त्यांच्याकडं हळदी-कुंकवाला जायचं असतं.

उधारीचाच विषय निघाला म्हणून मी त्यांना ब्रमेल सांगितला. शेजारच्या जर्मिन स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे, 2002 साली बसवलेला. मोठमोठ्या शर्टवाल्यांच्या, अत्तरवाल्यांच्या रस्त्यावर मधोमध हा छानछोकी माणूस उभा. भडक जरतारी कपडे सोडा, अंगाबरोबर बसणारा गडद कोट घाला, हे लंडनला त्यानं शिकवलं. आणि तोच 1816 साली देणेकऱ्यांना चुकवून रातोरात फ्रान्सला पळाला. 1840 मध्ये तिकडंच गेला, वेड्यांच्या इस्पितळात, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नसताना.

"आन् पुतळा उभा केला त्याचा?"

"दुकानांच्या रस्त्यावर पुतळा गिऱ्हाइकाचाच असणार, वहिनी." आपल्याकडचेही भुललेत. गांधीजी बॅरिस्टर व्हायला गेले तेव्हा त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला होता. आत्मकथेत स्वतःच कबूल केलंय. आपले राजाराम महाराज 1870 साली विलायतेला गेले, रोजनिशी लिहिली, परत येताना फ्लॉरेन्सला वारले. जेमतेम विशीचे. ही दुकानं तेव्हाही अशीच उघडी होती.

महाराजांचं नाव निघाल्यावर वहिनींनी पदर सारखा केला. कोल्हापुरात ते होतंच.

इतक्यात मागच्या बंगल्याच्या गच्चीतून धप्प आवाज झाला आणि सीताफळाची सालं आमच्या अळूत येऊन पडली. हे रोजचं आहे.

"बगा! पुन्यांदा!"

"अहो, ह्याच्यावरून तर लंडनमध्ये अख्खा बाजार उभा राहिला," मी म्हटलं. आणि खोटं नाही. पिकॅडिलीवर बर्लिंग्टन हाउस आहे. तिथले लॉर्ड कॅव्हेंडिश. येणारे-जाणारे कालवं खाऊन शिंपले भिंतीवरून त्यांच्या बागेत फेकायचे. त्रासून त्यांनी बागेच्या कडेला छत घातलेली दुकानांची गल्लीच बांधून टाकली, अशी कथा आहे. 1819 मध्ये उघडली, अजून चालू आहे. काश्मिरी लोकर, चांदी, जुनी घड्याळं. आणि गल्लीचे स्वतःचे राखणदार. उंच टोपी, लांब कोट. आत पळायचं नाही, छत्री उघडायची नाही, शीळ घालायची नाही!

"शीळंनं काय हुतंय?"

"पूर्वी खिसेकापू एकमेकांना शीळ घालून इशारे द्यायचे. आणि एवढा बंदोबस्त असून 1964 साली काय झालं? चोरांनी जॅग्वार मोटार सरळ गल्लीत घातली, सोनाराची काच फोडली, पस्तीस हजार पौंडांचे दागिने उचलले आणि तशीच मोटार उलटी घेत पसार. आजतागायत सापडले नाहीत."

"शीळ न्हाई घातली, म्हणून सापडलं न्हाईत," वहिनी म्हणाल्या आणि सालं उचलून पलीकडं नेम धरून परत फेकली. लॉर्डांना हा उपाय सुचला असता तर बाजार झालाच नसता.

मग पायांवर आलो. सेंट जेम्स स्ट्रीटवर जॉन लॉब म्हणून बूटवाला आहे. मूळचा खेड्यातला पोरगा, ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी निघाल्या तेव्हा तिकडं गेला आणि खाणवाल्यांना पोकळ टाचेचे बूट करून विकले, सोनं लपवायला. 1866 साली लंडनला दुकान थाटलं. आजही गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवतात, त्यावरून लाकडाचा फर्मा कोरतात आणि तो तळघरात जपून ठेवतात.

"कागदावर पाय तर आमच्या सासऱ्यांचा बी काढायचा. कापशी चप्पल, करकर वाजणारी. घराच्या कोपऱ्यावर आलं की आत कळायचं, भाकरी टाका." वहिनी हसल्या, मग एकदम आठवून, "आन् त्या मिलानवाल्यांनी आपली चप्पल उचलली त्याचं काय?"

ते 2025 च्या जूनमधलं. प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल फॅशन शोमध्ये चालवली, कोल्हापूरचं नावही न घेता. बोंब झाल्यावर कबूल केलं. 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे आपल्या चपलेला. पण गल्लीतल्या बायकांपैकी कितीजणी आज मापाची चप्पल करून घेतात? मीसुद्धा पायात रबरीच घालून उभी होते. विषय बदलला.

"टोपीवाल्याकडं मात्र आत गेले," मी सांगितलं. लॉक अँड कंपनी, 1676 पासूनची. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी सुरू झालेलं दुकान! तिथं एक यंत्र ठेवलंय, काळ्या पट्ट्यांचं, पिंजऱ्यासारखं. ते डोक्यावर बसवलं की प्रत्येक पट्टी कवटीला टेकते आणि वरच्या छोट्या कागदावर टाचण्यांची भोकं पडून डोक्याचा आकार उतरतो. असे कागद लावून ठेवलेत. एकही डोकं गोल नाही. कुठं बटाटा, कुठं पपई.

"डोक्याचं काय घिऊन बसलाय, खांदं तरी कुणाचं सारखं असत्यात? तुमचा डावा पाव इंच खाली हाय. सांगितलं न्हाई कधी, म्हटलं उगं मनाला लावून घ्याल."

मी नकळत डावा खांदा उचलला.

"पण तितं ताई, नुसतं बघायचं का घ्यायचं बी?"

"घेतलं की." घरात जाऊन मी हिरवट निळा डबा आणून कुंपणावरून दिला. फोर्टनम अँड मेसनचा चहा, दुकानातला त्यातल्या त्यात लहान डबा. बाहेरच्या घड्याळातून दर तासाला दोघं मालक येऊन एकमेकांना लवून नमस्कार करतात. बाहुले आहेत, 1964 मध्ये बसवलेले. पण पहिला फोर्टनम ॲन राणीच्या वाड्यातला नोकर. राणीला रोज नव्या मेणबत्त्या लागत; रात्री उरलेले तुकडे हा बाहेर विकायचा. त्या पैशावर घरमालक मेसनला भागीदार घेऊन 1707 साली दुकान काढलं.

"म्हंजी कातरणांचाच धंदा!" वहिनी खूश झाल्या. त्यांच्या माळ्यावर ब्लाऊजच्या कातरणांच्या अकरा वाकळी आहेत. डबा उलटासुलटा करून झाकण वाजवून पाहिलं. "ह्यात हुक ठिवीन. चहा काढून तुमी न्या."

चहा त्यांनी घेतला नाहीच, आल्याशिवायच्या चहाला त्या चहा म्हणत नाहीत.

"आन् तुमच्या अंगाला कायच न्हाई आणलं?"

आणलं होतं. सुनेनं घेऊन दिलेलं सव्वा मीटर गडद निळं रेशीम, नारायणपेठीवर जाईलसं. दाखवलं, तर त्यांनी कापड उन्हात धरून आधी आडवं ताणलं, मग तिरकं.

"चांगलं हाय. कवा पायजे?"

"संक्रांतीपर्यंत. माप आहेच वहीत."

"ते चालायचं न्हाई." गळ्यातली टेप खाली आली. "तीन म्हैनं लोणी-पाव खाऊन आलाय."

मग मला तिथलं बेरी ब्रदर्स सांगावंच लागलं. 1698 साली एका विधवा बाईनं सुरू केलेलं दुकान, आता दारूचं. पूर्वी कॉफी मोजायचा मोठा तराजू अजून तिथं टांगलेला आहे. त्याच्यावर गिऱ्हाइकांनाच बसवून वजन करायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. कवी बायरनचं वजनसुद्धा आहे त्या वहीत, वर-खाली होणारं.

"बसला का मंग तुमी?"

"छे!"

"हितं बी न्हाई म्हणणार. या कुंपणाजवळ, हात वर करा. आन् श्वास आत वढू नका, माया सोडून ठिवीन."