पोलोचं चालचलन

तुमच्या कानावर आलं असेलच, पण माझ्याकडून ऐका म्हणजे नीट कळेल. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला एक सुशिक्षित, आयटीतला, लग्न झालेला मुलगा अधूनमधून रविवारी पहाटे साडेचारला गाडी काढून नाहीसा होतो. नाव सांगत नाही, लिफ्टमध्ये रोज भेटतो. गाडी पोलो, रंग लाल. आधी आम्हाला वाटलं ट्रेकिंग असेल. मग वाटलं विपश्यना. काहीतरी लफडं असणार, असं तळमजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं, आणि खरं सांगू का, तसं निघालं असतं तर निदान समजून तरी घेता आलं असतं. हा बाबा ट्रॅकवर जातो. रेसच्या. हेल्मेट घालून. चारचाकीत बसून हेल्मेट! ज्या गावानं दुचाकीवर हेल्मेट नको म्हणून हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती काढली, 2019 साली रस्त्यावर उतरून निषेध केला, त्या गावचा मुलगा चारही दारं बंद करून, पट्टा बांधून, वर डोक्यावर ते टोपलं घालतो. आणि त्याचे पैसे भरतो.

मी जिन्यातच गाठला त्याला. म्हटलं, रेस खेळतोस? तर म्हणे, "नाही काकू, रेस नाही, ट्रॅक डे." ट्रॅक डेला कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. अनुभवाप्रमाणे गट पाडतात, एका गटाला पंधरा-वीस मिनिटं सोडतात, मग बाहेर काढतात, गाड्या निवल्या की पुन्हा सोडतात. म्हटलं, बक्षीस काय? काही नाही. मग मिळतं काय? "लॅप टाइम." म्हणजे एक फेरी किती सेकंदांत मारली ते. मागच्या वेळेपेक्षा आठ दशांश सेकंद कमी लागले, हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला होता, की बारशालासुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. सख्ख्या मावसभावाच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर पोहोचलेला मुलगा हा. आठ दशांश सेकंद!

आता यातली खरी गंमत बघा. टॉमटॉम म्हणून एक कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांची वाहतूक मोजते. 2024च्या त्यांच्या यादीत पुणं जगात चौथं. कशात? हळू चालण्यात. दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर, तेही सरासरी. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातला ही सरासरी ऐकवलीत तर लोक तुम्हाला आशावादी म्हणतील. अशा गावात या पोरांना गाडी आणखी वेगवान करायची आहे.

आणि करतात काय काय, ते ऐका. विचारलं की उत्तर एकच: "फार काही नाही, थोडंसंच." थोडंसं म्हणजे आधी स्टेज वन रिमॅप. गाडीला हल्ली मेंदू असतो, त्यात लॅपटॉप लावून नवा हिशेब भरतात. कंपनी गाडी देते तेव्हा उकाडा, भेसळीचं पेट्रोल, प्रदूषणाचे नियम, वॉरंटीची भीती असं सगळं धरून थोडी ताकद राखून ठेवते. हे लोक टर्बोचा दाब वाढवतात, ठिणगी थोडी आधी पाडतात आणि ती राखीव ताकद खर्चून टाकतात. वीस-पंचवीस घोडे जास्त मिळतात म्हणे. सोबत वॉरंटीवर पाणी सोडायचं, हे मात्र हळूच सांगतात. मग फिल्टर, मग सायलेन्सर, मग गाडी दोन बोटं खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. आमच्या पार्किंगच्या उतारावर तिचा पुढचा ओठ खरवडतो, तो आवाज ऐकून सगळ्या मजल्यांवर कळतं, स्वारी आली. डीएसजी गिअरबॉक्सवाले तर रात्री झोपतात कसे कोण जाणे. पोलोतल्या त्या सात गिअरच्या पेटीत दोन कोरडे क्लच असतात आणि तिची सोसायची मर्यादा 250 न्यूटन-मीटर. त्या आकड्याच्या किती जवळ जायचं, यावर या मंडळींच्या इतक्या चर्चा चालतात की पत्रिका जुळवतानासुद्धा कुणी एवढा काथ्याकूट करत नसेल.

एक मात्र कबूल करते. ज्यांना खरंच कळतं ते आधी ताकद वाढवत नाहीत, ब्रेक बदलतात. चांगले पॅड आणि नवं ब्रेक ऑइल. ताजं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पुरेशी ओल शोषली की हीच मर्यादा 155 वर येऊ शकते. आपल्या पावसाळ्यात दोन वर्षं काढलेलं ऑइल घेऊन गडी ट्रॅकवर गेला, चार वळणांवर ब्रेक जोरात दाबला, की पाचव्या वळणाला ब्रेकचं पेडल खुशाल जमिनीला टेकतं. ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते, गाडी थांबत नाही. हे ऐकल्यापासून मी आमच्या यजमानांच्या वॅगन-आरचं ऑइल बदलून घेतलं आहे. ते म्हणाले, तू कधीपासून?

बरं, कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायचा नाही, असं जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम 189. आणि बुलेटचे फटफट आवाज करणारे सायलेन्सर काढून आपले पोलीस त्यावर रोड रोलर फिरवतात, त्याचे फोटो तर सगळ्यांनी पाहिलेत. विम्याचं तर विचारूच नका. पॉलिसी उघडून बारीक अक्षरात वाचा, संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांत काही झालं तर भरपाई नाही. म्हणजे ट्रॅकवर भिंतीला गाडी लागली की खर्च आपल्या खिशातून. याच कारणानं घरी कुणी खरं सांगत नाही. एकीला नवऱ्याच्या ब्रेक पॅडचं बिल सापडलं, तिनं पॅड म्हणजे ऑफिसच्या वह्या समजून सोडून दिलं. दुसऱ्या एकीची कथा उलटी. ती स्वतःच जाते, आणि नवऱ्याला सांगते की दातांच्या डॉक्टरांची परिषद आहे.

पण मला सगळ्यात जास्त काय खटकलं, सांगते. या गाड्या आपल्याच दारातल्या. पोलो चाकणची, 2009च्या अखेरीपासून 2022 पर्यंत तिथेच तयार झाली. 145 हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो 2015 साली आली, शंभराचा वेग 8.8 सेकंदांत गाठते असा तिचा दावा, ती आपल्या रांजणगावची. टाटांची अल्ट्रोज रेसर 2024 ची, 120 हॉर्सपॉवरची, तीही इथलीच. फोक्सवागननं 2010 मध्ये पोलो कप सुरू केला, डिझेल पोलोंची शर्यत. म्हणजे माहेर सगळ्यांचं पुणे जिल्हा, आणि लेकीला पळायचं असेल तर पाठवायचं कुठे, तर कोईमतूरला! चेट्टीपाळयमचा कारी मोटर स्पीडवे दोन किलोमीटरच्या थोडा वर. नाहीतर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, नाहीतर ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली. पुण्याहून कोईमतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास. दोन किलोमीटरच्या गोल रस्त्यावर फिरायला बाराशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. ज्या गाडीनं दिवसभर ट्रॅकवर मार खाल्ला, तिच्यातच बसून यायचं, म्हणून येताना सगळे साठच्या वेगानं येतात. शेजारी कोल्हापूरकर यात आपल्या कितीतरी पुढे, हे सांगायला जड जातं. तिथे मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक तर थेट ब्रिटिश फॉर्म्युला 3 मध्ये गाडी चालवून आला.

आता मात्र तळेगावजवळ नाणोलीला स्पीडवे झाला आहे. नाणोली म्हटलं की आम्हाला घोड्यांचा स्टड फार्म आठवायचा. पुण्याला घोडे पहिल्यापासून मानवतात. पूर्वी कुणाचा मुलगा रेसला जातो म्हटलं की आई-बाप पावसाळाभर मान खाली घालून फिरत, कारण आपल्या रेसकोर्सचा हंगाम पावसाळ्यातला. आता त्याच गावात घोडे बॉनेटखाली गेले, एवढाच फरक. आणि हे खूळ काही आजचं नाही हो. सायरस पूनावाला विशीत असताना मित्राबरोबर डी-टाइप जॅग्वारच्या धर्तीवर एक स्पोर्ट्स कार बनवून बसले होते, अगदी थोडक्या पैशांत. पुढे हिशेब जमेना, म्हणून मोटारींचा नाद सोडला आणि 1966 मध्ये सीरम काढली. घोड्यांच्याच जिवावर. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला 2015 मध्ये मर्सिडीजची बॅटमोबाइल करून घेतलीच की घरात! पैसेवाल्यानं केलं की हौस, आयटीतल्या पोरानं केलं की वाया गेला.

असो. ट्रॅकवर काय चालतं, ते ऐकून तर माझी वाचाच बसली. सकाळी गाडीची तपासणी होते. ओढून नेण्याचा हूक आहे का, चाकांचे नट घट्ट आहेत का, कुठे गळती नाही ना. आणि गाडीत सुटी वस्तू एकही चालत नाही. पाण्याची बाटली, छत्री, पायपुसणी, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपती बाहेर! माझ्यासमोर हे सांगायला तो कचरला, पण सांगितलं. ब्रेक मारला की गणपती हवेतून चालकाच्या तोंडावर येतो म्हणे. विघ्नहर्त्याला विघ्न म्हणून उतरवतात. मग सगळ्यांचे गणपती पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, एका टॉवेलवर रांगेत ठेवलेले असतात, दगडूशेठ, सिद्धिविनायक, एक दोन हनुमान. प्रत्येक जण आत जाताना तिकडे हात जोडून जातो. आणि घरून निघताना आईनं दिलेली दही-साखर खाल्लेली असते, कंपनीचं ट्रेनिंग आहे या समजुतीत दिलेली.

मग सूचना. अर्धा तास सगळे उभं राहून ऐकतात. पुणेकर! मध्ये कुणी बोलत नाही, "हे असं नसतं" म्हणत नाही. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका, कुणाला मागे टाकायचं नाही. लाल दिसला की सत्र बंद, हळूहळू बाहेर. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या. काळा दाखवला की समजायचं, तुमचं काहीतरी चुकलंय, पिटमध्ये येऊन हजेरी लावा. झेंडा धरणारा मार्शल कोवळा पोरगा असतो, शिट्टी नाही, पावतीपुस्तक नाही. तरी ऐकतात. अलका चौकात पाच मामा उभे असताना जे सिग्नलला जुमानत नाहीत, ते एका झेंड्याला घाबरतात.

आणि पुढे जायचं असेल तर कुठेही घुसायचं नाही. सरळ रस्त्यावर, ठरलेल्या जागी, पुढच्यानं हातानं खूण केली तरच. पुढचा खिडकीतून हात काढून दाखवतो: या बाजूनं जा. मागचा जातो आणि हात वर करून आभार मानतो. मी दोनदा विचारलं. म्हटलं, लक्ष्मी रस्त्यावर एकमेकांच्या आरशाला आरसा घासत जाणारे आपले लोक, आणि स्वतःहून म्हणतात, तुम्ही पुढे व्हा? तो म्हणाला, "हो काकू, नाही केलं तर घरी पाठवतात." पैसे परत न देता.

शेवटची फेरी हळू मारायची, तापलेले ब्रेक निवायला. थांबल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, नाहीतर पॅड तापलेल्या डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली वीट लावायची. लाखांची गाडी, टर्बो, लॅपटॉपवरचे हिशेब, आणि शेवटी वीट.

हे सगळं बाहेर राहिलं असतं तर मी एवढं बोलले नसते. पण ती सवय तो सोसायटीत घेऊन आला. नळ स्टॉपला सिग्नलला तो पांढऱ्या रेषेच्या मागे थांबतो, त्यामुळे मागचे सगळे हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. घाटात आरसे बघतो, मागच्याला वाट देतो. त्याच्या बायकोनं स्वतः सांगितलं, "हल्ली हे गाडी इतकी सांभाळून चालवतात की मला लाज वाटते." यापेक्षा वाईट काय व्हायचं?

तर गेल्या वार्षिक सभेत त्यानं विषय मांडला. पार्किंगचा उतार अरुंद आहे, एका वेळी एकच गाडी जाते, म्हणून वर येणाऱ्याला आधी वाट द्यावी, वरच्यानं थांबून हातानं खूण करावी. सेक्रेटरींनी ठराव वाचून दाखवला. तळमजल्यावरचे काका म्हणाले, तत्त्वतः मान्य आहे. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही तीस वर्षं असेच येतो, कुणाचं काय बिघडलं? मग खाली येणाऱ्याला आधी वाट का नको, यावर पाऊण तास वाद झाला, चहा गार झाला. ठरावाला सूचक होता, अनुमोदक मिळाला नाही. पुढच्या सभेत पुन्हा घेणार आहेत, पाण्याच्या टाकीनंतर.