लिहिणारा तोच, तपासणारा तोच

मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब हे कोड ठेवण्याचं संकेतस्थळ घेतलं. तिथे जगभरच्या प्रोग्रामरांनी फुकट मांडलेल्या कोडवर पोसलेला कोपायलट हा कोड लिहिणारा एआय 2021 मध्ये अवतरला आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रोग्रामरांना महिना 10 डॉलरला मिळू लागला. आपल्याच विहिरीचं पाणी, आपल्यालाच बाटलीतून.

आता कोड तो लिहितो, पुल रिक्वेस्टही (म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) तोच तपासतो. माणसाकडे उरतं ‘अप्रूव्ह’चं बटण. काम मात्र झपाट्याने होतं म्हणे. 2025 मध्ये मेटर या संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रामरांना घड्याळ लावून पाहिलं. एआय वापरल्यावर वेळ 19 टक्के जास्त लागला. त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, 20 टक्के वाचला! साहेबांच्या स्लाइडवर दुसराच आकडा चढणार. लायसन्सं घेऊन झालीत ना.