दीडशे ग्रॅम प्रेशर

आमच्या इमारतीची पाण्याची टाकी माझ्या डोक्यावर आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर मी, माझ्यावर स्लॅब आणि स्लॅबवर टाकी. पाहुणे म्हणतात, "तुम्हाला काय, पाण्याचं सुखच!" मी त्यांना हात धुवायला पाठवतो. ते बराच वेळ परत येत नाहीत.

तळमजल्यावरच्या काकूंनी नळ उघडला की भांडी आपोआप विसळली जातात. आमच्याकडे करंगळीएवढी धार, तीही नळाची मर्जी असेल तर. हा काय न्याय, असं विचारल्यावर प्लंबरनं मला शाळेत न कळलेलं भौतिकशास्त्र दोन मिनिटांत शिकवलं. प्रेशर टाकीच्या जवळ असण्यावर नसतं, टाकी किती उंच आहे त्यावर असतं. दहा मीटर उभ्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. काकूंच्या नळावर बारा मीटर पाणी, माझ्या शॉवरवर जेमतेम दीड. म्हणजे त्यांना सव्वा किलो आणि मला दीडशे ग्रॅम. पुण्यात दीडशे ग्रॅम फरसाण मागितलं तरी दुकानदार आपल्याकडे बघतो.

मग मी घड्याळ लावलं. मिनिटाला दोन लिटर. वीस लिटरची बादली दहा मिनिटं. माळ्यावरची पाचशे लिटरची टाकी चार तास दहा मिनिटं, आणि तेही मध्ये कुणी चहाचं आधण ठेवलं नाही तर. हळूहळू घरातला वेळच पाण्यात मोजला जाऊ लागला. एक बादली म्हणजे एक अग्रलेख. ड्रम म्हणजे दुपारची झोप. आंघोळीला बादली लावून मी पेपर घेऊन बसायचो, आणि त्या काळात माझं सामान्यज्ञान भलतंच वाढलं.

शनिवार पेठेतल्या आत्याला माझी कीव आली नाही. "12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा आमच्या पहिल्या मजल्यावर मोटारीशिवाय पाणी आलं होतं," ती म्हणाली. "आणि नंतर प्यायला नव्हतं. तुझी धार आहे ना? गप बस."

गप बसलो नाही. कुणी म्हणालं, लायनीत हवा धरलीय. मी पाइपला तोंड लावून ओढलं, गंजाचा घोट मिळाला. नळाची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली. क्षार गेले, धार होती तेवढीच राहिली. शेवटी प्लंबरनं जुना लोखंडी पाइप कापून माझ्या डोळ्यांसमोर धरला. बाहेरून अर्धा इंची, आत पेन्सिल अडकेल एवढं भोक. "पाइप कुठला साहेब, बासरी झालीय," तो म्हणाला. नवा पाइप टाकला, वर छोटा प्रेशर पंपही बसवला. बिल सांगत नाही, आत्या वाचेल.

दुसऱ्या दिवशी सवयीनं बादली लावली आणि पेपर उघडला. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात पायाला गार लागलं. पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून माझ्या खुर्चीखालून स्वयंपाकघराकडे निघालं होतं. फोन वाजला. खालच्या मजल्यावरचे विचारत होते, त्यांच्या छताला काय झालंय.

बायकोनं फोन माझ्या हातात दिला, आत जाऊन नळ आवळत आवळत करंगळीएवढ्या धारेवर आणला आणि म्हणाली, "आता वाचा."